ऐकून घेऊ या

वर्गात हजेरी चालू आहे. एका मुलाला 'हाजिर जनाब' म्हणायचे आहे, पण 'हा... हा...' करून तो अडखळतो. मागच्या बाकावर कोणीतरी हसते. त्या दिवसापासून उत्तर येत असूनही तो गप्प बसतो. सांगा, हे योग्य झाले का?

उर्दूत आपण ज्याला 'हकलाना' म्हणतो, त्यालाच मराठीत 'तोतरे बोलणे' म्हणतात. हा त्रास बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. पुष्कळ मुलांचा तो आपोआप जातो, काहींचा राहतो. तो बुद्धीचा दोष नाही आणि भित्रेपणाही नाही. बोलण्याचे नियंत्रण मेंदू करतो. त्या कामातील फरकामुळे शब्द अडतात. गंमत अशी, की हीच मुले गाताना किंवा सर्वांबरोबर कविता म्हणताना सहसा अडखळत नाहीत.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज तोतरे बोलत. १९२६ पासून ते लायोनेल लोग यांच्याकडे बोलण्याचा सराव करू लागले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले, तेव्हा त्यांनी रेडिओवरून देशाला धीर दिला.

मग आपण काय करावे? अशा मित्राचे वाक्य आपण पुरे करू नये. 'नीट बोल' असे बजावू नये. त्याच्याकडे पाहून शांतपणे ऐकावे. कोणी नक्कल केली, तर त्याला थांबवावे. वाचा-उपचारांनीही पुष्कळ मदत होते. मुंबईत वांद्रे येथे त्यासाठी १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे.

उपचार तज्ज्ञ करतील. धीराने ऐकणे मात्र तुमच्याच हातात आहे.