पेन्सिलीआधी गप्पा

मुलगी चार वर्षांची झाली, तरी तिला अजून 'अ' काढता येत नाही. शेजारच्या इमारतीतला तिच्याच वयाचा मुलगा वहीची पानंच्या पानं भरतो. कर्जत तालुक्यातल्या आपल्या शेलूत रुळाच्या अलीकडे जुनी घरं आणि वाड्या, पलीकडे नव्या इमारती असं काहीसं चित्र आहे, आणि ही काळजी दोन्हीकडच्या आयांच्या बोलण्यात येते. म्हणून आधीच सांगते: चार वर्षांच्या मुलाला 'अ' काढता आला नाही, तर काळजी करू नका. पण त्याच्याशी दिवसभरात कुणी निवांत बोललंच नसेल, तर मात्र जरूर करा.

वाचन डोळ्यांनी होतं असं आपल्याला वाटतं. पण त्याची सुरुवात होते कानापासून. मूल 'म' आणि 'का' ओळखतं, जोडतं आणि 'मका' म्हणतं. ते आनंदानं मान वर करून तुमच्याकडे बघतं, कारण 'मका' हा शब्द त्यानं आधी ऐकलेला असतो, कणीस खाल्लेलं असतं. जो शब्द कधी कानावर पडलाच नाही, तो अक्षरं जुळवून वाचला तरी मुलाच्या हाती काही लागत नाही. शब्दांचा साठा घरात होतो, तोही शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी.

तुमच्यातले कितीतरी जण पहाटेची लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात आणि घरी येतात तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं. तुमच्याकडे वेळ नाही हे खरं आहे, आणि त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नका. जेवताना, अंघोळ घालताना, भाजी निवडताना जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात ती पुरतात. फक्त त्या वेळी मुलाला हुकूम सोडू नका, त्याच्याशी बोला. 'चल, लवकर गिळ' यातून मुलाला एकही नवा शब्द मिळत नाही. 'आज भेंडी चिकट का झाली असेल?' असं विचारलं तर ते विचार करतं, चुकीचं का होईना कारण देतं, लांब वाक्य बोलतं. पाऊस सुरू झाला की उल्हास नदीचं पाणी गढूळ का होतं, शेतात भाताची रोपं एका जागेवरून उपटून दुसरीकडे का लावतात, असे प्रश्न तर आपल्या दारातच पडलेत.

बोलायचं कोणत्या भाषेत? जी तुमच्या घरात सहज येते त्या भाषेत. आगरी, ठाकरी, कातकरी, हिंदी, गुजराती, कोणतीही. मोडकंतोडकं इंग्रजी बोलून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही, उलट गप्पाच आटतात. आगरी बोलणाऱ्या घरातलं मूल 'डोळा'ला 'डोला' म्हणेल, 'पाणी'ला 'पानी' म्हणेल. तो त्याच्या आजीचा उच्चार आहे, त्यावरून त्याला हसू नका. पुस्तकात 'ळ' आणि 'ण' आले की ही नवी अक्षरं म्हणून त्याला सावकाश ऐकवा आणि दाखवा. घरची बोली आणि पुस्तकातली भाषा दोन्ही मुलाच्या डोक्यात सुखानं नांदतात.

कानाची तयारी खेळातून होते, आणि या खेळांना एक पैसा लागत नाही. शे-लू, दोन टाळ्या. वां-ग-णी, तीन टाळ्या. मग मुलाचं नाव, आजीचं नाव, कुत्र्याचं नाव. दुसरा खेळ: 'माझ्या मनात एक वस्तू आहे, ती ताटात असते आणि तिचं नाव भा-नं सुरू होतं.' भात म्हणेल, भाकरी म्हणेल, भाजी म्हणेल, तिन्ही बरोबर. आजीकडची बडबडगीतं, कोडी, उखाणे याच कामाचे आहेत. सारखे शेवट असलेले शब्द ऐकून ऐकून मुलाला उमगतं की शब्द तुकड्यांचा बनलेला असतो. हे उमगल्याशिवाय अक्षर शिकवायला घेतलं, तर ते मुलाच्या लेखी नुसतं चित्र असतं.

आता अक्षरांकडे येऊ. आपल्याकडे सवय अशी की आधी 'क' ते 'ज्ञ' पाठ, मग बाराखडी पाठ, आणि मग कधीतरी शब्द. हिशेब करून बघा: छत्तीस मुळाक्षरं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेवर चिन्हं. इतकी चिन्हं अर्थावाचून घोकायची, आणि 'ही शिकून करायचं काय' हे मुलाला वर्षभर कळत नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन यांच्या कामातून मराठी वाचन शिकवण्याचा फार बारकाईनं विचार केला. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथं 'क्वेस्ट' ही संस्था अशाच प्रश्नांवर काम करते. घरी करण्याजोगी गोष्ट सोपी आहे. मोजकी अक्षरं घ्या, त्यांच्या सोबतीला लगेच काना घ्या. क, म, ल, र आणि काना एवढ्यातून काम, मका, लाल, मार, कमाल, कमरा असे किती शब्द निघतात बघा. पहिल्या आठवड्यातच मूल खरा शब्द वाचतं, आणि मग पुढचं अक्षर ते स्वतःहून मागतं.

आपल्या गावाला तर रेल्वेनं फुकटची पाटी देऊन ठेवली आहे. फलाटावर गाडीची वाट बघताना मुलाला उचलून ती पाटी दाखवा: शे, लू. दोनच अक्षरं. पुढचं स्टेशन नेरळ: 'ने'ची मात्रा 'शे'सारखीच आहे, हे मूल स्वतः शोधून काढेल, काढू द्या, आधी सांगू नका. भिवपुरीची पाटी आली की एक खरी अडचण येते. 'भि'मध्ये वेलांटी आधी दिसते आणि ऐकू मात्र नंतर येते. मूल इथं अडखळतं ते आपल्या लिपीच्या रचनेमुळे, त्याला मठ्ठ ठरवू नका. पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीसाठी थोडा जास्त वेळ द्या. आणि कर्जत? त्यातला रफार लिहिला जातो 'ज'च्या डोक्यावर आणि उच्चारला जातो 'ज'च्या आधी. मोठ्यांनाही गोंधळात टाकणारी गोष्ट आहे ती. जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात शेवटी आले तरी चालतात. तोवर कर्जतची पाटी अख्खं चित्र म्हणून ओळखली तरी हरकत नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की दुसरं.

लिहिण्याची घाई तर मला सगळ्यात जास्त सलते. साडेतीन-चार वर्षांच्या बोटांमध्ये पेन्सिल धरून अक्षर रेघेत बसवण्याइतकी ताकद आणि ताबा नसतो. त्या वयाला कणकेचा गोळा हवा, मटार सोलायला हवेत, माती, खडू, मोठा कागद हवा. मूल कागदभर गिरगटा काढून 'हे मी पत्र लिहिलंय' म्हणालं, तर लिहिण्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्याला कळली: मनातलं कागदावर उतरवता येतं आणि दुसऱ्याला ते वाचता येतं. त्या पत्रात काय आहे ते विचारा, आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा. 'मांजर आली न् पळून गेली' एवढंच असेल. ते त्याला बोट ठेवून वाचून दाखवा. आपलं बोलणं अक्षरांत बघणं ही मुलासाठी फार मोठी घटना असते. पुढे ते स्वतः लिहू लागलं आणि 'मला आबा आवडतो' लिहून आंब्यावरचा अनुस्वार विसरलं, तर लगेच लाल खूण करू नका. आंब्याविषयी काय लिहिलंय ते आधी वाचा. उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं काढतात आणि हळूहळू सरळ काढू लागतात. डावखुऱ्या मुलाचा हात तर अजिबात बदलू नका.

मराठी मुलखाला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केलं. मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं. आपल्या तालुक्यात, माथेरानच्या भाई कोटवालांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांचं नाव आपण क्रांतिकारक म्हणून घेतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या शाळांविषयीही मुलांना सांगावं असं मला मनापासून वाटतं.

अंगणवाडी तुमच्या वस्तीजवळ आहे. तिला 'खिचडीची शाळा' म्हणून नाक मुरडू नका. ताईंना जाऊन भेटा, तिथं गाणी-गोष्टी होतात का ते बघा. होत असतील, तर फी घेऊन चार वर्षांच्या मुलाला पानभर लिहायला लावणाऱ्या वर्गापेक्षा ती कितीतरी चांगली. आणि कुठल्याही शाळेत घाला, रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवा. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं घ्या, ती तुम्हालाही आवडतील. विकत घेणं जमत नसेल, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात. मोबाईल मुलाच्या हातात देऊन बाजूला होऊ नका, शेजारी बसून दोघांनी मिळून बघा. एकच पुस्तक दहा वेळा मागितलं तर दहा वेळा वाचा. तुम्हाला वाचता येत नसेल, तरी चित्रं बघून गोष्ट सांगा, किंवा मोठ्या बहिणीला वाचायला बसवा आणि तुम्हीही ऐका.

दुसरी संपत आली तरी साधे शब्द वाचता येत नसतील, तर मारू नका, शिकवणीही बदलत बसू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. सतत सर्दीनं कान फुटणाऱ्या मुलाला अर्धे आवाज नीट ऐकूच येत नाहीत. त्यानंतर शिक्षकांशी बोला.

आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या माझ्या वाड्यांमधल्या आईबापांनो, निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसवून घेतात. गाठोड्यात गोष्टींची दोन पुस्तकं आणि पाटी ठेवा. गुरुजींना विचारलंत, तर शाळेतलीच पुस्तकं ते तुम्हाला नेऊ देतील.