शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक घ्यावं का?

प्रश्न : मी लिंबायतला राहतो, पॉवरलूमवर काम करतो. चार महिने नाक चोंदलंय. सुरुवातीला पाण्यासारखं वाहायचं. आता शेंबूड घट्ट, हिरवट झालाय आणि रात्री घशात उतरतो. जंतू वाढलेत का?
– एक वाचक, सुरत

उत्तर : रंगावरून औषध ठरवू नका. सूज आली की पांढऱ्या पेशी तिथं गोळा होतात आणि त्यांच्यातलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर मुळातच हिरवं असतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही शेंबूड हिरवा होतो. तेवढ्यावरून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाणं मला मुळीच पटत नाही.

घट्टपणा मात्र महत्त्वाचा. निरोगी शेंबडात सुमारे 95 टक्के पाणी असतं. नाकाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो घशाकडे सरकवतात आणि आपण नकळत गिळतो. गालाच्या सायनसचं तोंड तर तळाशी नसून वर असतं. तिथला शेंबूड या केसांना चढावर न्यावा लागतो! पातळ असेपर्यंत ते जमतं. सूज 12 आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की शेंबूड बनवणाऱ्या पेशी वाढतात, त्यातलं म्युसिन हे प्रथिन दाट होतं आणि मेलेल्या पेशींचा डीएनए मिसळून चिकटपणा आणखी वाढतो. केस मंदावतात, काही झडतात. साचलेला शेंबूड पुन्हा सूज वाढवतो. दमा किंवा नाकात पॉलिप असलेल्या काहींचा शेंबूड डिंकासारखा होतो.

शेंबूड सरकण्याचा वेग मोजता येतो. नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवतात; निरोगी माणसाला साधारण 20 मिनिटांच्या आत घशात गोड लागतं, जुनाट सायनसच्या रुग्णाला बहुधा बराच जास्त वेळ लागतो.

लूमवरची धूळ नाकाला त्रास देते, म्हणून कामावर मास्क लावा. रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, थेट नळाचं नको. तंबाखू-बिडी असेल तर सोडा. चार महिने झालेत, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. ते दुर्बिणीतून पाहून बहुधा स्टेरॉइडचा स्प्रे देतील. तो नियमित मारावा लागतो, दोन दिवसांत गुण येत नाही.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर वरची दाढही तपासून घ्या. डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं किंवा मधुमेह असताना नाकातून काळं काही आलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ही म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, लक्षणं असू शकतात; त्याची 2021 मधली लाट सुरतेनं पाहिली आहे.