माप उभ्याचे, कपडा पळणाऱ्याचा

गिऱ्हाईक दुकानात येते, ताठ उभे राहते, मास्टर टेप लावतो आणि वहीत आकडे उतरतात. शर्ट-पँटीला ही रीत पुरते. कबड्डीच्या संघाची ऑर्डर याच रीतीने घेतली तर ट्रायलला सर्व ठीक वाटते आणि पहिल्याच सरावात आसनाची शिवण उसवते. माल परत येतो, दुरुस्तीची मजुरी अंगावर पडते आणि पुढच्या वर्षी संघ तयार माल घेतो. कारागिराचा हात यात कच्चा नसतो. माप अपुरे असते.

हालचालीत शरीराचा आकार बदलतो, आणि किती बदलतो हे मोजता येते. अमेरिकेत किर्क व इब्राहिम या दोघांनी १९६६ साली याचे आकडे प्रसिद्ध केले. गुडघा दुमडला की त्यावरची कातडी उभ्या दिशेने ३५ ते ४५ टक्के ताणते, आडवी मात्र १२ ते १४ टक्केच. कोपरावर उभा ताण ३५ ते ४० टक्के, बैठकीवर २५ ते ३०, पाठीवर आडवा १३ ते १६. हा ताण कपडा तीन प्रकारे सोसतो: सैलपणाने, अंगावरून सरकून, किंवा स्वतः ताणून. घामाने कपडा अंगाला चिकटला की सरकणे बंद होते. मग सारा भार कापडावर आणि शिवणीवर येतो.

आज युरोपात हे काम कॅमेरे करतात. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या बायोमेकॅनिक्स संस्थेने ‘मूव्ह फोर-डी’ नावाचे यंत्र तयार केले आहे. माणूस चालतो, उडी मारतो आणि क्षणाक्षणाला त्याच्या सबंध अंगाचा आकार संगणकात उतरतो. आपल्याला असे यंत्र परवडणार नाही, पण त्यामागची युक्ती टेपनेही साधते.

खेळाडूच्या गुडघ्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन ठिपके पेनने द्या. उभ्याने अंतर मोजा, मग पूर्ण बसवून टेप गुडघ्यावरून फिरवून मोजा. ४० सेंटिमीटरचे ५४ झाले तर वाढ १४, म्हणजे ३५ टक्के. पाठीचे माप हात खाली सोडून आणि पुढे लांबवून, असे दोनदा घ्या. बैठकीचे कंबरपट्टीपासून मांडीच्या सुरुवातीपर्यंत, उभ्याने आणि बसून. वहीत प्रत्येक मापाला दोन रकाने ठेवा. मुलींच्या संघाची मापे बाईनेच घ्यावीत. ठिपके अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यावर दिले तरी चालते, फक्त तो सरकणार नाही हे पाहावे.

आता कापड. त्यावर १० सेंटिमीटरची खूण करून फुटपट्टीशेजारी हाताने ताणा. १४ पर्यंत सहज गेले तर ४० टक्के ताण मिळाला. सोडल्यावर परत १० वर आले पाहिजे. साडेदहावर अडकले तर गुडघ्यावर फुगा राहणार. साधे होजिअरी कापड बहुधा आडवे जास्त ताणते आणि गुडघ्याला हवा असतो उभा ताण. दुकानदार ‘स्ट्रेच आहे’ म्हणाला एवढ्यावर थान उचलू नये, दोन्ही दिशांनी ताणून पाहावे. साध्या मशीनची शिवण अशा कापडावर तुटते. ओव्हरलॉक किंवा फ्लॅटलॉक लावा.

कापड कमी ताणणारे असेल तर जुन्या पायजम्याची मियानी आठवा. चार शिवणी एका बिंदूत आल्या की ताण तिथेच फाडतो. मधे चौकोनी तुकडा बसवला की तो ताण वाटला जातो आणि पाय फाकवायला जागा मिळते. आपल्या जुन्या मास्टरांनी हे कोणत्याही यंत्राशिवाय ओळखले होते.

बगलेबाबत मात्र अनेक जण उलटे करतात. गोलंदाज म्हणतो, ‘हात मोकळा ठेवा,’ आणि मास्टर मुंढा खाली उतरवतो. मग हात वर गेला की सबंध शर्ट कमरेतून वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ ठेवून बाहीखाली कळी घातली तर शर्ट जागेवर राहतो. ट्रायलच्या वेळी आरसा बाजूला ठेवा आणि खेळाडूला दोन्ही हात वर करून दहा वेळा खाली बसायला सांगा. शर्ट कुठे ओढतो तिथे खडूची खूण करा, आणि पक्की शिलाई त्यानंतरच मारा.