रक्तातली चरबी

मळ्यातला पाट आपण सर्वांनी पाहिला आहे. पाटात गाळ साचला, की पाणी कमी येते. गाळ फार झाला, की एक दिवस पाट तुंबतो. पुढचे पीक वाळते. आपल्या अंगातही असेच पाट आहेत. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात.

रक्तात थोडी चरबी असतेच. तिच्यातल्या एका प्रकाराला कोलेस्टेरॉल म्हणतात. ते मेणासारखे असते. शरीराला ते लागते, म्हणून आपले यकृत ते स्वतःच तयार करते. पण ते फार वाढले, तर रक्तवाहिनीला आतून त्याचा थर धरतो. वर्षानुवर्षे वाट अरुंद होत जाते. एखादे दिवशी तो थर फुटतो. तिथे रक्त गोठते व वाट बंद होते. हृदयाला रक्त मिळत नाही. यालाच हार्ट अटॅक म्हणतात.

बरे, हा गाळ साचताना दुखते का? मुळीच नाही! इथेच माणूस फसतो.

आमचे धाकटे बंधू अंगाने काटक. डॉक्टरांनी रक्त तपासले व रोजची गोळी दिली. दोन महिन्यांनी बंधू म्हणाले, "दादा, मला काही होत नाही. गोळी कशाला?" त्यांनी गोळी सोडली. आम्हीही गप्प राहिलो. पुढे एका रात्री त्यांची छाती भरून आली. दरदरून घाम सुटला. 'पित्त असेल' म्हणून आम्ही सकाळ होऊ दिली. बंधू वाचले, पण आता त्यांना भरलेली घागर उचलवत नाही. ही चूक आमचीही आहे.

म्हणून मंडळी, एवढे ध्यानात ठेवा :

माणूस लठ्ठ असो की सडपातळ, रक्त तपासून घ्यावे. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असलेले बरे. कागदावर 'एलडीएल' असते, ते वाढलेले वाईट.

वनस्पती तूप टाळावे. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. भाकरी, उसळ, पालेभाजी पोटभर खावी.

विडी, तंबाखू सोडावी. रोज चालावे.

डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नये.

छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

पाट तुंबल्यावर धावाधाव करण्यापेक्षा गाळ साचूच न देणे बरे, नाही का?