तासाची बोट आणि रात्रीची बोट

आपल्या गारगोटीहून समुद्र फार लांब नाही. पाखरासारखे सरळ उडत गेले, तर मालवणचा किनारा सत्तर-ऐंशी किलोमीटरच भरेल. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. म्हणून आपली वेदगंगा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते. ती दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला मिळते, आणि आपल्या शिवारातले पाणी आंध्रात जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळते. पाण्याला डोंगर ओलांडता येत नाही. माणसाला येतो. फोंडा घाट उतरला की कणकवली आणि पुढे मालवण. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ले.

हल्ली गावोगावची मंडळी सहलीला जातात. बचत गटाच्या बायका जातात, शाळेची पोरे जातात, भजनी मंडळे जातात. कोणी मालवणला किल्ला बघतात. कोणी मुंबईला लेकाकडे गेले की घारापुरीची लेणी बघून येतात. एखाद्याचा मुलगा आईबापांना मोठ्या जहाजाने गोव्यालाही नेतो. नदीतली नाव आपल्याला ठाऊक आहे. समुद्रातली बोट ठाऊक नाही. तिथे काय होते, काय सोबत घ्यावे, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हे या धड्यात आपण पाहू.

जुनी वाट

समुद्राची वाट आपल्या मुलखाला अगदीच परकी नव्हती. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. त्याआधी घाट उतरून वेंगुर्ल्याला जायचे आणि तिथून आगबोटीने मुंबई गाठायची, अशी एक वाट होती. लांबच्या देशाला तर बोटीशिवाय जाताच येत नसे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले ते बोटीनेच. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचा अंत झाला. पुढे १९०२ साली शाहू महाराज विलायतेला गेले, तेही बोटीनेच.

कोकणच्या माणसाला तर बोट म्हणजे आपली एसटी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती पणजीकडे जायची. गरीब माणूस डेकवर चादर पसरून झोपायचा. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही. मग माणसे, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या पडावात उतरवायच्या. पडाव म्हणजे मोठी होडी. पावसाळ्यात ही सेवा बंद असे. पुढे रस्ते झाले, एसटी आली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ही बोट थांबली. १९९८ साली कोकण रेल्वेही मुंबईपासून मंगळूरच्या बाजूपर्यंत सुरू झाली.

तासाची बोट

आता आजचे पाहू. लहान प्रवास म्हणजे काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंतचा. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी दहा-पंधरा मिनिटांत जाते. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला. चोहोबाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. मुंबईच्या गेटवेवरून घारापुरीला लाँच साधारण तासाभरात जाते. उतरल्यावर शंभरावर पायऱ्या चढायच्या असतात, हे गुडघेदुखीच्या माणसाने ध्यानात ठेवावे. सोमवारी लेणी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० सालापासून मोठी रो-रो बोट जाते. तिच्यात माणसांबरोबर मोटारीही चढतात.

अशा प्रवासात काय असते? बाकावर बसायचे, वारा खायचा, उतरायचे. जेवणाची सोय नसते. शौचालय लहान होडीत नसते. ऊन थेट डोक्यावर येते आणि पाण्यावरून उलटेही येते. म्हणून टोपी किंवा पदर डोक्यावर असू द्या. पिण्याचे पाणी जवळ ठेवा. पाण्याचे तुषार उडतात, म्हणून मोबाइल आणि पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा.

होडीत चढताना आणि उतरताना घाई करू नका. होडी धक्क्याला टेकलेली दिसते, पण ती खालीवर होत असते. खलाशाचा हात धरा. एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर असे उभे राहू नका. बायामाणसांनी काष्टा मारला किंवा निऱ्या वर खोवल्या तर बरे.

भरती आणि ओहोटी हेही समजून घ्या. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. दोन्हींत सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. ओहोटीला काही धक्क्यांवर पाणी कमी पडते, आणि होडीला थांबावे लागते. तेव्हा "आत्ता का सोडत न्हाई?" म्हणून होडीवाल्याशी भांडू नका. पाण्याचे घड्याळ त्याच्या हातात नाही.

रात्रीची बोट

मोठा प्रवास वेगळा. त्यात रात्र बोटीवरच काढायची असते. २०१८ साली मुंबई-गोवा अशी आंग्रिया नावाची बोट सुरू झाली होती. २०२१ साली कॉर्डेलिया नावाच्या मोठ्या जहाजाच्या सहली मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला निघू लागल्या. हे जहाज अकरा मजल्यांचे, आणि त्यात अठराशेच्या आसपास प्रवासी मावतात. म्हणजे एक लहान गावच पाण्यावर चालले म्हणा ना!

जहाज धावते किती? समुद्रावर मैल वेगळा असतो. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल, या वेगाला एक नॉट म्हणतात. १५ नॉटने जाणारे जहाज तासाला सुमारे २८ किलोमीटर जाते. मुंबईहून गोवा समुद्राने ४०० किलोमीटरच्या आसपास. आता भागाकार करून पाहा. चौदा-पंधरा तास लागतात. आपली घाटातली एसटीसुद्धा याहून चपळ. पण जहाज रात्रभर थांबत नाही, आणि आपण झोपलेलो असतो.

झोपायच्या खोलीला केबिन म्हणतात. खिडकी नसलेली केबिन स्वस्त, खिडकीची महाग. तिकीट काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. झोपाळ्याच्या मधल्या माणसाला जसा झोका कमी लागतो, तसेच जहाजाचे आहे. खालच्या मजल्यावरची, मधोमधची केबिन सगळ्यांत कमी हलते. दिसायला ती साधी असेल, पण झोप तिथेच लागते.

तिकिटात काय काय आले, हे आधीच विचारून घ्या. जेवण आले का? कर आले का? मधल्या बंदरात उतरून फिरायचे पैसे वेगळे का? कागदावर छापलेले वाचा, नुसते तोंडी ऐकू नका. फोटोचे ओळखपत्र लागते. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठे सामान केबिनमध्ये उशिरा पोचते. किनारा दूर गेला की मोबाइल लागत नाही. घरी तसे आधी सांगून ठेवा, म्हणजे घरची माणसे काळजी करणार नाहीत.

बोट लागते तेव्हा

गाडी लागते तशी बोटही लागते. मळमळते, घाम येतो, उलटी होते. हा रोग नाही, आणि यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. ते सांगते, "आपण हलतोय." डोळ्यांसमोर मात्र केबिनची भिंत स्थिर दिसते. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत, आणि शरीर गोंधळते.

उपाय सोपे आहेत. उघड्या हवेत या. दूरवर पाणी आणि आभाळ जिथे टेकतात, तिथे नजर लावा. बोटीच्या मध्यभागी बसा. पोट रिकामे ठेवू नका आणि तट्ट भरूही नका. भाकरीचा तुकडा, आल्याचा तुकडा चघळायला घ्या. वाचन आणि मोबाइल बंद. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि बोट सुटण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

इथेही दोन प्रवासांत फरक आहे. तासाच्या बोटीत मळमळले, तर काठ आला की थांबते. रात्रीच्या बोटीत लगेच उतरता येत नाही. पण दोन-तीन दिवसांच्या प्रवासात शरीराला सवय होते आणि त्रास कमी होतो. मग उलटेच घडते. जमिनीवर उतरल्यावर जमीनच हलते आहे, असे वाटते! तेही थोड्या वेळाने जाते.

कोणता प्रवास धोक्याचा?

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "तासाभराचं काय वं, बसलं आन् उतरलं. भ्या वाटतं ते रातीच्या बोटीचं." पुष्कळांना असेच वाटते. पण इतिहास काय सांगतो?

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रामदास नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास तास-दीड तासाचा. पावसाळ्याचे दिवस, समुद्र खवळलेला. मुंबई बंदराच्या बाहेर लाटेने बोट कलली आणि उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवशीची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

१८ डिसेंबर २०२४. गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा माणसे गेली. लाँचला परवाना ८४ प्रवाशांचा होता. बोटीत माणसे शंभरावर होती. पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर तिथल्या बोटींवर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले.

दोन्ही प्रवास लहानच होते. आम्ही हे भीती घालायला सांगत नाही. रोज हजारो माणसे लाँचने सुखरूप जातात-येतात. सांगायचे ते एवढेच, की प्रवास लहान असला म्हणून समुद्र लहान होत नाही. मोठ्या जहाजावर नियम सांगायला माणसे असतात. जहाज सुटण्याच्या सुमारास सगळ्या प्रवाशांना बोलावून संकटात कुठे जमायचे, जॅकेट कसे बांधायचे, हे दाखवतात. भोंगा सात वेळा थोडा आणि एकदा लांब वाजला की संकटाची खूण, असा जगभरचा नियम आहे. त्या वेळी केबिनमध्ये लोळत राहू नका. जाऊन नीट बघा. लहान होडीत मात्र हे दाखवायला बहुधा कोणी नसते. तिथे आपली आपणच काळजी घ्यायची असते.

फळीवरचा आकडा

आणि इथेच आपले वाचणे कामाला येते. प्रत्येक प्रवासी होडीला किती माणसे न्यायची, याचा आकडा ठरवून दिलेला असतो. तो होडीवर रंगवलेला असतो. दिसला नाही तर विचारा. चढण्याआधी तो वाचा. मग माणसे मोजा. पोरेही मोजा.

आकड्यापेक्षा माणसे जास्त झाली, तर काय करायचे? "मागल्या होडीनं येतो," असे सांगून उतरायचे. भाडे दिले असले तरी उतरायचे. सोबतची माणसे हसली तरी उतरायचे. "आमी अडाणी मानसं, आमाला काय कळतंय," असे म्हणायचे दिवस आता गेले. तुम्हाला ८४ वाचता येते, आणि १०० म्हणजे त्याहून सोळा जास्त, हेही कळते. एकाने विचारले की दुसऱ्याला धीर येतो. दहा जणांनी विचारले की होडीवाल्यालाही विचार करावा लागतो.

हे लक्षात ठेवा

१. लाइफ जॅकेट नुसते मांडीवर घेऊ नका. अंगात घाला आणि पट्टे बांधा. पोराला पोराच्या मापाचे मागा.
२. फोटो काढायला सगळे एका बाजूला जाऊ नका. होडी कलते.
३. दारू प्यायलेल्या माणसाला होडीत घेऊ नका.
४. किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्या साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असतात. पावसाळ्यात कोणी चोरून नेतो म्हटले, तर जाऊ नका.
५. परतीची शेवटची होडी किती वाजता, हे जातानाच विचारा.
६. समुद्रावर संकट आले तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. ११२ हा क्रमांकही चालतो. दोन्ही वहीत लिहून घ्या.

वाचा आणि उत्तरे लिहा

१. वेदगंगेचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते? का?
२. बोट लागू नये म्हणून कुठे बसावे? नजर कुठे लावावी?
३. एका होडीवर "प्रवासी २५" असे लिहिले आहे. होडीत १७ मोठी माणसे आणि १२ मुले बसली आहेत. किती जास्त झाली? तुम्ही काय म्हणाल? ते दोन ओळींत लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा.