मोठ्या आयटी कंपनीत मुरायचं, तर हिशेब काय?

राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी, किंवा ‘इथंच बरंय’ म्हणत आणखी पाच वर्षं काढण्याआधी, तीन कागद समोर घ्या: ऑफर लेटरमधलं पगाराच्या विभागणीचं पान, गेल्या महिन्याची सॅलरी स्लिप आणि पीएफचं पासबुक.

पहिली ओळ बघा ग्रॅच्युइटीची. बऱ्याच कंपन्या मूळ पगाराच्या 4.81 टक्के रक्कम सीटीसीत धरतात. आकडा तुमच्या पॅकेजमध्ये दिसतो, पण पाच वर्षांआधी सोडलंत तर हातात शून्य. चार वर्षं 240 दिवस पुरतात, असं कँटीनमध्ये कुणीतरी सांगेलच. काही निकाल तसे आहेतही, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत. भांडत बसण्यापेक्षा पाच वर्षं भरा आणि मगच पेपर टाका. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. मूळ पगार 60,000 असेल तर दहा वर्षांचे साधारण 3 लाख 46 हजार होतात. पाच वर्षांनंतर सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिन्यांना दहा. खासगी नोकरीत 20 लाखांपर्यंत कर नाही. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवलेले असतील तर एचआरला विचारा: 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनात धरायची असते. उत्तर मेलवरच घ्या.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं मोजताना आधीच्या कंपनीची वर्षं तेव्हाच धरली जातात. ही पाच वर्षं भरण्याआधी काढलात तर कर लागतो. पासबुकात पेन्शनचा रकानाही तपासा. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलात आणि मूळ पगार 15,000 च्या वर होता, तर तिथं काही जमा व्हायलाच नको. दरमहा 1,250 दिसत असतील तर नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. सोडल्यावर क्लेम अडकला की जुन्या एचआरला तुमची घाई नसते.

आता राहण्याची किंमत. ती स्लिपवर छापलेली नसते. वर्षाची हाइक आणि नोकरी बदलताना मिळणारी वाढ यांतली तफावत तुम्हाला ठाऊकच आहे. त्याहून महाग पडतं ते कंपनीच्या घरच्या टूलवर, एकाच क्लायंटच्या जुन्या सिस्टीमवर आठ वर्षं काढणं, कारण बाहेरच्या इंटरव्ह्यूत त्याला कुणी विचारत नाही. दर वर्षी एक तरी बाहेरचा इंटरव्ह्यू द्या, जायचं नसलं तरी. बाजारभाव कळतो. आणि ‘मोठी कंपनी म्हणजे सरकारी नोकरी’ हे विसरा: जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 जणांची कपात जाहीर केली, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत. जुने आणि महाग, तेच आधी मोजले जातात.

कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. नोकरी गेली की तो गेला, आई-वडिलांचाही. चाळिशीच्या आत स्वतःची पॉलिसी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पीरियड असू शकतो आणि तो नोकरीत असतानाच सरलेला बरा.

शेअर मिळत असतील तर वेस्टिंगची तारीख कॅलेंडरवर लिहा. आधी सोडलंत तर उरलेले बुडतात. वेस्ट झाले की त्या दिवसाच्या भावावर पगारासारखा कर लागतो, विकले नाहीत तरी.

नोटीस साधारण 90 दिवसांची. बायआउट मूळ पगारावर की ग्रॉसवर, हे पत्रात वाचा. फरक दुपटीचा पडू शकतो. त्यावर कुणी जीएसटी लावला तर 2022 चं परिपत्रक दाखवा, तो लागत नाही. जॉइनिंग बोनस, रिलोकेशन, सर्टिफिकेशनची फी यांची वसुली फुल अँड फायनलमध्ये गुपचूप येते. मुदत आधी बघा. शिल्लक रजेचे पैसे मिळतात का, किती दिवसांपर्यंत, हेही विचारा; सोडताना मिळणाऱ्या या रकमेवर ठरावीक हिशेबाने, आयुष्यभरात 25 लाखांपर्यंत करसूट आहे.

लॅपटॉप परत करण्याआधी सगळ्या स्लिपा, फॉर्म 16 आणि अप्रेझलची पत्रं उतरवून घ्या. पीएफला मोबाइल नंबर स्वतःचा जोडा, कंपनीच्या सिमचा नको. कंपनीने तुमची एक्झिट तारीख टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर आधार ओटीपीने तुम्हीच टाकू शकता. एजंटला पैसे देऊ नका.