वल्ह्याच्या होडीसाठी मत्स्यशोधक यंत्राची निवड

खाडीत किंवा धरणाच्या जलाशयात एकट्यादुकट्याने होडी वल्हवीत मासेमारी करणाऱ्या माणसाजवळ पाण्याखालचा अंदाज घेण्याचे साधन पूर्वापार एकच होते : शिशाचे वजन बांधलेली दोरी. दोरी ढिली पडली की खोली समजते आणि वजनाला चिकटून आलेल्या चिखलावरून किंवा वाळूवरून तळाचे स्वरूप कळते. हेच काम ध्वनिलहरींच्या साहाय्याने करणारे मत्स्यशोधक यंत्र आता मोठ्या यांत्रिक नौकांपुरते मर्यादित राहिलेले नाही. तळहाताएवढ्या पडद्याची, लहान बॅटरीवर चालणारी यंत्रे बाजारात मिळतात आणि साधी वल्ह्याची होडी किंवा पर्यटनस्थळी दिसणारी प्लास्टिकची कयाक यांवरही ती बसविता येतात. तथापि निवड चुकली, तर कर्जाचे हप्ते चालू राहतात आणि यंत्र मात्र घरच्या फळीवर पडून राहते. लहान मच्छीमाराच्या दृष्टीने ही चूक किरकोळ नव्हे.

माशांचा शोध घेणारे पहिले व्यवहारोपयोगी यंत्र जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये बाजारात आणले. त्यामागील तत्त्व सोपे आहे. होडीच्या तळाशी बसविलेला ट्रान्सड्युसर पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे १५ मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते. माशाच्या अंगाची घनता पाण्याच्या घनतेहून फारशी वेगळी नसते. प्रतिध्वनी मुख्यतः येतो तो त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून. घोळ माशाचे जे भोत व्यापारी चढ्या भावाने घेतात, ती हीच पिशवी. मुशी व पाकट यांना अशी पिशवी नसल्याने त्यांची खूण पडद्यावर फिकट उमटते. त्यामुळे पडदा कोरा दिसला म्हणून पाणी रिकामे आहे असे समजणे धोक्याचे.

निवडीचा आरंभ होडी जेथे चालते त्या पाण्याच्या खोलीपासून व्हावा. विक्रेता बहुधा यंत्र किती खोलवर पाहू शकते याचा मोठा आकडा सांगतो. परंतु तीन ते दहा मीटर खोलीच्या खाडीत शेकडो मीटरचा आवाका काय कामाचा? ५० किलोहर्ट्झच्या लहरी खोलवर पोहोचतात, पण बारकावे दाखवीत नाहीत. २०० किलोहर्ट्झच्या लहरी तितक्या खोल जात नसल्या, तरी उथळ पाण्यात अधिक स्पष्ट चित्र देतात. लहान होडीला दुसऱ्या प्रकारच्या लहरी पुरेशा होतात. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरत जातो. २० अंशांचा शंकू ९ मीटर खोलीवर तळाचा जेमतेम तीन मीटर व्यासाचा भाग व्यापतो, तर ३ मीटर खोलीवर केवळ एक मीटर. याउलट ६० अंशांचा शंकू त्याच ३ मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यापतो. म्हणून उथळ खाडीत रुंद शंकू उपयोगी, तर खोल पाण्यात अरुंद शंकू अधिक विश्वसनीय.

धरणाच्या जलाशयाची गोष्ट निराळी. उजनीच्या पाण्याखाली जुन्या वस्त्यांचे अवशेष आहेत. पाणी ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर वर दिसू लागते. जेथे पाण्याखाली भिंती किंवा झाडांचे बुंधे असतात, तेथे मासे आश्रयाला येतात आणि जाळीही अडकून फाटते. अशा ठिकाणी ४५५ किलोहर्ट्झ वा त्याहून अधिक वारंवारतेने तळाचे छायाचित्रासारखे चित्र काढणारे यंत्र जास्त किमतीचे असले, तरी वाचलेल्या जाळ्याच्या रूपाने तो खर्च भरून निघू शकतो.

दुकानात यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविताना पडद्यावर माशांची सुबक चित्रे हलत असतात. त्यांवर भुलू नये. पाण्यातील बुडबुडे किंवा वाहता कचरा यांनाही यंत्र माशाचेच चित्र देते. ही सोय बंद करून मूळ खुणा वाचण्यास शिकणेच हिताचे. पडद्याच्या उजव्या कडेला या क्षणीचे चित्र असते, डावीकडे सरकलेले सर्व मागचे. पुढे काय आहे हे असे साधे यंत्र सांगत नाही. खडकाळ तळ जाड व ठसठशीत दिसतो, कधी त्याखाली दुसरी रेघही उमटते. मऊ चिखलाचा तळ मंद दिसतो. हे वाचता येऊ लागले की जुन्या दोरीचे ज्ञान वाया गेले नाही असे अनुभवी मच्छीमाराच्या ध्यानात येते.

खरी अडचण येते ती विजेची. वल्ह्याच्या होडीत इंजिन नाही, म्हणजे बॅटरी वाटेत भरून घेण्याची सोय नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीतून अर्धीच वीज वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य घटते. अर्धा अँपिअर घेणारे लहान यंत्र अशा बॅटरीवर सुमारे सात तास चालेल. दीड अँपिअर घेणारा मोठा रंगीत पडदा अडीच तासांतच मान टाकील. पहाटे निघालेली होडी दुपारी परतते, हे गणित खरेदीपूर्वीच मांडले पाहिजे. लिथियमची बॅटरी हलकी व टिकाऊ असली, तरी महाग पडते. पडदा उन्हात वाचता यावा आणि यंत्र पाण्यात पडले तरी बिघडू नये, हेही पाहावे. ‘आयपीएक्स-७’ ही खूण एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी दर्शविते.

ट्रान्सड्युसर बसविण्याची पद्धत होडीच्या बांधणीवर ठरते. कयाकच्या प्लास्टिकमधून किंवा भरीव फायबरच्या तळातून ध्वनी जाऊ शकतो. मात्र मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. लाकडी होडीत ही युक्ती चालत नाही. तेथे कडेला दांडी बांधून ट्रान्सड्युसर पाण्यात सोडावा आणि किनाऱ्याला लागण्यापूर्वी वर ओढून घ्यावा.

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासे मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मिळते, ती उपग्रहाच्या आधारे. कोठे जावे हे ती सांगते. मत्स्यशोधकाला मात्र होडीखालचेच दिसते. हा फरक सभासदांना आधी समजावून दिला, तर पुढील निराशा टळेल.

सहकारी संस्था जेव्हा एकाच निविदेत खाडीच्या, किनाऱ्यालगतच्या आणि जलाशयातील होड्यांसाठी एकच यंत्र मागविते, तेव्हा हिशेब सोपा होतो, होड्या मात्र निरनिराळ्याच राहतात. मागणीपत्रात प्रत्येक सभासदाच्या पाण्याची खोली, होडीचा तळ कशाचा आहे आणि दिवसाचे कामाचे तास या तीन नोंदी घेतल्या, तरी पुष्कळ चुका टळतील. एक यंत्र आधी आणून दोन-तीन होड्यांवर आळीपाळीने पंधरवडाभर वापरून पाहावे आणि मगच उरलेल्यांची मागणी नोंदवावी. खाडीतून परतल्यावर ट्रान्सड्युसर गोड्या पाण्याने धुऊन, जोडण्या कोरड्या पुसून ठेवण्याचे काम घरातील कोणाकडे राहील, हेही त्याच पंधरवड्यात ठरून जाते.